लेबलं कापणारी मनीषा

मनीषा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वणीला माहेरी होते. फोनवर माझा धाकटा दीर, मनीषाचा नवरा संतोष होता. "वहिनी, मनीषा गेली," एवढंच म्हणाला आणि त्याने फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिला. शहरातल्या ज्या लॅबमध्ये ती काम करायची, तिथेच ती खुर्चीवरून कोसळली होती. मेंदूत रक्तस्राव झाला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं... चाळिशीसुद्धा गाठली नव्हती तिने. मी मिळेल त्या गाडीने मखमलाबादला घरी आले तर अंगणात माणसं मावत नव्हती, आणि आतल्या खोलीतून गार्गीच्या किंचाळण्याचा आवाज येत होता. गार्गी म्हणजे मनीषाची अकरा वर्षांची मुलगी. दारातल्या बायका डोळ्यांना पदर लावून म्हणत होत्या, रडली बाई एकदाची, मोकळी झाली. मी आत गेले. गार्गी आईसाठी रडत नव्हती. सासूबाईंच्या बहिणीने, आमच्या मावशीबाईंनी, आणखी दोघींच्या मदतीने तिला धरून ठेवलं होतं आणि तिच्या अंगात कडक कांजीचा नवा पांढरा ड्रेस कोंबणं चाललं होतं. आईचं प्रेत दारात आणि पोरगी विटक्या टी-शर्टवर, लोक काय म्हणतील, असं मावशीबाईंचं म्हणणं. पोरीच्या मानेवर ओरखडे उठले होते. मी तो ड्रेस काढला, तिचा टी-शर्ट तिला परत घातला. थोड्या वेळाने ती उठली आणि कुणाकडे न बघता आईच्या पायाशी जाऊन बसली. मग बाहेर कुजबुज सुरू झाली... बघा, डोळ्यात टिपूस नाही पोरीच्या. तेव्हा आलेली शिसारी आज दीड महिन्यानंतरही गेलेली नाही. मनीषाबद्दल लिहायला बसलं की आधी तीच वर येते.

मनीषा माझी जाऊ, पण मला ताई म्हणायची. देवळाली कॅम्पची मुलगी, लॅबचं शिक्षण घेतलेली. आमच्या गुलाबाच्या शेतीच्या घरात आली तेव्हा तिला फुलाची काडी नीट कापता येत नव्हती, आणि त्यावरून स्वतःच सगळ्यात मोठ्याने हसायची. गार्गी झाली आणि ते हसणं हळूहळू कमी झालं. बारशाला जरीचं झबलं घातलं तर मुलगी काळीनिळी होईपर्यंत रडली. थंडीत लोकरीची टोपी घातली की डोकं भिंतीवर आपटायची. पोरीची दृष्ट काढून झाली, देवाला नवस बोलून झाले, आणि आईला मूल सांभाळता येत नाही हेही तिच्या तोंडावर बोलून झालं. शेवटी एका डॉक्टरबाईंनी सांगितलं की मुलगी स्वमग्न आहे. आपल्याला जाणवतही नाही अशी शिवण तिच्या कातडीला सुईसारखी टोचते. हा हट्ट नव्हे, दुखणं आहे.

घरी आल्यावर मनीषा रडेल असं मला वाटलं होतं. ती कात्री घेऊन पलंगावर बसली आणि गार्गीच्या प्रत्येक कपड्याचं मानेमागचं लेबल कापत सुटली. नुसतं कापायची नाही, त्याचं मुळाशी उरलेलं टोकसुद्धा टाका टाका करून उसवायची. मग ती जागा स्वतःच्या ओठावर घासून बघायची. "हाताला नाही कळत, ताई. ओठाला कळतं," असं मला म्हणाली. बनियन, चड्ड्या, फ्रॉक, सगळं उलटं करून घालायला लागली, म्हणजे शिवण बाहेर राहते. माझ्या मुलाचे वापरून मऊ झालेले टी-शर्ट हक्काने मागून न्यायची. आणि गार्गी, जिला सगळे वेडी म्हणत होते, ती दिवसभर शांत खेळायला लागली.

मग शाळा सुरू झाली. शहरातली मोठी, नावाजलेली शाळा. गणवेशात टेरिकॉटचा शर्ट, गळ्याशी टाय, कमरेला पट्टा आणि इलॅस्टिकचे गुडघ्यापर्यंतचे मोजे. दुपारी गार्गी घरी यायची तेव्हा कॉलर चावून ओली झालेली असायची आणि पोटऱ्या नखांनी सोललेल्या. मनीषाने बाजार पालथा घालून अगदी त्याच रंगाचं सुती कापड मिळवलं आणि हुबेहूब गणवेश शिवून घेतला. फक्त टाय आणि मोजे नव्हते. त्यावरून वर्गशिक्षिकेने मुलीला प्रार्थनेच्या वेळी रांगेबाहेर उभं करायला सुरुवात केली. रोज. सगळ्यांसमोर.

आम्ही दोघी प्रिन्सिपल मॅडमना भेटायला गेलो. मनीषाने डॉक्टरांचं म्हणणं समजावून सांगितलं. मॅडम गोड आवाजात म्हणाल्या की शिस्त सगळ्यांना सारखी असते, आज हिला सूट दिली तर उद्या सगळेच मागतील. बोलता बोलता मनीषाची नजर टेबलाखाली गेली. मॅडमनी उंच टाचांचे सॅंडल काढून बाजूला ठेवले होते आणि अनवाणी पाय गार फरशीवर टेकवले होते.

"मॅडम, तुम्हाला सॅंडल लागत असतील म्हणून तुम्ही काढलेत," मनीषा शांतपणे म्हणाली. "माझी मुलगी तेवढंच मागतेय."

मॅडमनी पाय सॅंडलमध्ये सरकवले आणि आम्हाला बाहेरची वाट दाखवली. बाहेर भिंतीवर रंगीत अक्षरांत लिहिलं होतं की प्रत्येक मूल वेगळं असतं.

यावर कडी पुढेच होती. स्वमग्न मुलांविषयी जागृतीचा कसलासा दिवस आला आणि शाळेने फर्मान काढलं की सगळ्या मुलांनी शाळेकडूनच मिळणारा निळा टी-शर्ट घालून यावं. कापड नायलॉनचं, छातीवर रबरासारख्या रंगात छापलेलं मोठं हृदय. गार्गीने तो अंगाला लावू दिला नाही. म्हणून अख्ख्या शाळेतल्या त्या एका स्वमग्न मुलीला फोटोतून बाजूला काढलं आणि बाकीच्या मुलांना ओळीने उभं करून तिच्याविषयीच्या प्रेमाचा फोटो काढला. मनीषाने मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज चढला नव्हता. ती म्हणाली, "ताई, मला राग नाही येत आता. किळस येते." दुसऱ्या दिवशी तिने गार्गीचं नाव त्या शाळेतून काढून घेतलं.

नातेवाइकांत केवढा गहजब झाला! एवढी चांगली शाळा सोडून मुलीला गावच्या सरकारी शाळेत घातलं म्हणून संतोषसुद्धा तिच्याशी बरेच दिवस धड बोलला नाही. तिथले गुरुजी सुरगाण्याकडचे. त्यांना स्वमग्न हा शब्द माहीत नव्हता, आणि तो समजून घ्यायची फारशी घाईही नव्हती. मनीषाने कपड्यांचं सांगितल्यावर ते म्हणाले, "येऊ द्या ना पोरीला. कपड्याचं काय एवढं?" बस्स. तिथे गोंगाट होता, गार्गी कधीकधी कान झाकून व्हरांड्यात जाऊन बसायची, सगळं काही सुरळीत नव्हतं. पण वर्षभरात ती वाचायला शिकली. एरवी कॉलर सोसण्यात जी ताकद जायची ती पाटीवर लागली. मनीषा मग लॅबमध्ये रक्त द्यायला आलेल्या, रडणारं मूल कडेवर घेतलेल्या बायकांनाही विचारायला लागली, कपडा टोचतोय का बघितलंत का? काही जणी हसायच्या. काही जणी संध्याकाळी घरी यायच्या आणि मऊ कपड्यांचं गाठोडं घेऊन जायच्या.

तेराव्याला त्या जुन्या शाळेच्या मॅडम आल्या. सोबत एक शिक्षिका, हातात हार. म्हणाल्या, मनीषाताई फार जिद्दी आई होत्या, आमच्या शाळेला त्यांचा अभिमान आहे, गार्गीसोबतचा त्यांचा एखादा फोटो द्या, शाळेच्या फेसबुकच्या पानावर श्रद्धांजली टाकायची आहे. संतोष भोळेपणाने उठून फोटो आणायला निघाला. मी त्याला थांबवलं.

"फोटो मिळणार नाही," मी म्हणाले. "तुम्ही एकदा तिच्या मुलीला फोटोतून काढलंत, ते पुरे झालं."

मॅडम म्हणाल्या की दुःखात माणूस काहीही बोलतो. मी त्यांचा हार त्यांच्या हातात परत दिला. मावशीबाई माझ्याशी अजून बोलत नाहीत, पाहुण्यांचा अपमान केला म्हणून. न बोलू देत.

गेल्या आठवड्यात आम्ही मनीषाचं कपाट आवरायला घेतलं. पैठणी कुणाला, शालू कुणाला, यावर बायकांचं बोलणं चाललं होतं. गार्गी आली. तिने कपाटातल्या एकेका कपड्याला गाल लावून पाहिला, आणि तळाशी दुमडून ठेवलेला आईचा घरात घालायचा गाऊन ओढून काढला. धुऊन धुऊन फुलं पुसट झालेला, कोपराशी विरलेला. तो तिने डोक्यावरून चढवला आणि आरशासमोर न जाता माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी खालून वीतभर कापून तिच्या मापाचा करून दिला. आता शाळा सुटली की संध्याकाळभर ती तोच घालून असते. काल गुलाबाच्या वाफ्यापाशी माझ्या शेजारी बसली होती. मी विचारलं, आईची आठवण येते का गं?

तिने गाऊनची बाही हनुवटीपर्यंत ओढून घेतली. मग म्हणाली, "टोचत नाही."