एक तरी शहाणा फोटो

आजी गेली, आणि मग घरच्यांच्या लक्षात आलं की तिचा एकही शहाणा फोटो घरात नाही. आता यावर कुणाचा विश्वास बसेल का, सांगा! जिने उभा जन्म फोटो स्टुडिओत घालवला, अख्ख्या गावाचे फोटो काढले, तिचाच फोटो नाही. म्हणजे होते हो, ढिगाने होते. पण एकात जीभ बाहेर, दुसऱ्यात डोळे तिरळे, तिसऱ्यात डोक्यावर कॅमेरा पुसायचं फडकं. थोरल्या मुलाच्या लग्नातला ग्रुप फोटो काढून बघावा, तर व्याही मोठ्या रुबाबात खुर्चीवर बसलेत आणि त्यांच्या डोक्यामागे आजीच्या दोन बोटांची शिंगं. बिचाऱ्या व्याह्यांनी तो फोटो मोठा करून बैठकीच्या खोलीत लावलासुद्धा होता. कुणा आगाऊ पाहुण्याने शिंगं दाखवून दिली तेव्हा कुठे तो खाली उतरला.

"चिंगे, उद्या माणसं भेटायला यायची आहेत," काका म्हणाले. "संध्याकाळच्या आत मला आईचा एक नीट फोटो पाहिजे. नीट म्हणजे नीट."

चिंगी ही आजीची नात. हल्ली स्टुडिओ तीच चालवायची. आणि काका म्हणजे आजीचा थोरला, शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेला. काकांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. शाळेतली पोरं म्हणायची, सर रोज सकाळी शर्टाबरोबर तोंडालाही इस्त्री करून येतात.

चिंगीची पंचाईत वेगळीच होती. आजीने आजारपणात तिच्याकडून शब्द घेतला होता. चिंगी तिच्या उशाशी कॅमेरा घेऊन बसली होती आणि विनवत होती, की आजी, एकदा तरी सरळ बघ गं. तर आजी म्हणाली, "गंभीर तर मी मेल्यावर होणारच आहे. आत्तापासून सराव कशाला?" आणि मग चिंगीचा हात धरून म्हणाली, "हे बघ, माझा फोटो लावशील तो असा लाव, की येणाऱ्याला हसू आलं पाहिजे. रडका फोटो लावलास तर स्वप्नात येऊन गुदगुल्या करीन." चिंगीने हो म्हटलं होतं. आता एकीकडे तो शब्द आणि दुसरीकडे काका. त्यात काकांना दुखवायचं म्हणजे तिच्या जिवावर यायचं, कारण दवाखान्यात आजीजवळ दिवसरात्र बसले होते ते काकाच.

तर आजीचं हे असं होतं. स्टुडिओ मुळात आजोबांचा. आजोबा कसबी माणूस, उजेड कुठून घ्यावा हे त्यांच्याकडून शिकावं. पण त्यांच्यासमोर गिऱ्हाईक बसलं की लाकडासारखं ताठ व्हायचं. आजी नव्याने घरात आली, एकदा डबा द्यायला म्हणून स्टुडिओत गेली आणि कॅमेऱ्यामागे उभी राहून तिने एका रडव्या पोराला वेडावून दाखवलं. पोरगं खुदकन हसलं, आजोबांनी बटण दाबलं. झालं! त्या दिवसापासून आजीची नेमणूक कायम झाली. आजोबा उजेड बघायचे, आजी माणूस बघायची.

पुढे आजोबा अचानक गेले. पदरात दोन लहान मुलं. शहाण्या लोकांनी सांगितलं, स्टुडिओ विकून टाका, बाईमाणसाचं काम नाही हे. आजीने सगळ्यांचं ऐकून घेतलं, त्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी स्टुडिओचं कुलूप उघडलं. कॅमेरा ती शिकली, अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायलाही शिकली. आणि हसवायला तर तिला कुणी शिकवायची गरजच नव्हती. नवरा-बायको आले की म्हणायची, "जरा जवळ सरका, भांडण काय, घरी जाऊनही पुरं करता येईल." कुणी मिशीवाला साहेब छाती फुगवून बसला की अगदी हळू आवाजात विचारायची, "साहेब, श्वास सोडलात तरी चालेल. किती वेळ धरताय?"

एकच घोटाळा व्हायचा. ओळखपत्राच्या फोटोत हसायचं नसतं. आणि आजीकडे न हसता फोटो काढून घेणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं. कचेरीतून फोटो परत यायचे. माणसं हात हलवत पुन्हा स्टुडिओत यायची, पुन्हा हसायची, पुन्हा फोटो परत. शेवटी कचेरीतला कारकून स्वतः तणतणत आला. "बाई, हा काय पोरखेळ लावलाय? गावात एक माणूस गंभीर नाही का?" आजी म्हणाली, "आहे की, तुम्ही आहात. बसा, नमुन्यादाखल तुमचाच काढू." कारकून बसला. आत काय झालं कोण जाणे, पण बाहेर आला तेव्हा डोळे पुसत होता, आणि तो फोटो पुढे त्याच्या घरातल्या कपाटावर विराजमान झाला. ओळखपत्रांसाठी मात्र आजीने त्यानंतर एक युक्ती काढली: ती फोटो काढून झाल्यावर वेडावून दाखवायची. गिऱ्हाईक ते बघितल्याशिवाय उठायचंच नाही.

तर अशा बाईचा शहाणा फोटो चिंगीला शोधायचा होता. स्टुडिओतल्या लाकडी टेबलावर तिने सगळे फोटो पसरले. काका समोर स्टुलावर बसले आणि एकेक फोटो उचलून बाजूला ठेवू लागले. हा नको. हाही नको. अरे देवा, हा तर मुळीच नको. तेवढ्यात त्यांना आजीच्या ओळखपत्रावरचा फोटो सापडला. तोंड मिटलेलं, नजर सरळ.

"हा आहे की!" काका म्हणाले. "हाच मोठा करून घे. फ्रेमवाल्याला निरोप दे."

"काका, ही आजी नाहीये," चिंगी म्हणाली. "त्या दिवशी तिची दाढ ठणकत होती. ही दाढ दुखणारी कुणीतरी बाई आहे."

"दुखू दे. निदान तोंड तरी मिटलंय."

"पण मी तिला शब्द दिलाय, काका. लोकांना हसू येईल असाच..."

"लोक तिला आयुष्यभर हसले!" काका एकदम कडाडले. मग आपल्याच आवाजाने दचकून हळू झाले. "शाळेत मला काय म्हणायचे ठाऊक आहे? माकडीणबाईचा मुलगा. रोज ऐकायचो. उद्या ती सगळी माणसं येतील. उद्या तरी माझ्या आईला कुणी हसता कामा नये. बस, एवढंच म्हणणं आहे माझं."

इतकी वर्षं चिंगीला वाटत होतं, काकांना हसण्याचंच वावडं आहे. तिने ओळखपत्राचा फोटो उचलला आणि फ्रेमवाल्याला द्यायला पाकीट शोधू लागली.

पाकिटं ठेवलेल्या फळीवर मागे बिस्किटांचा एक गंजका डबा होता. बिघडलेले फोटो आजी त्यात टाकायची, फेकवायचे नाहीत तिला. चिंगीने पाकिटासाठी हात घातला आणि डबा धाडकन खाली पडून सगळे फोटो फरशीवर सांडले. ती गोळा करू लागली. कुणाचं डोकं कापलेलं, कुणाचे डोळे मिटलेले. त्यात एक आजीचा होता, तरुणपणीचा. पण तो तर साफ हललेला. डोक्यावर आजोबांची टोपी वाकडी घातलेली, गाल फुगवलेले, डोळे नाकाकडे, आणि जीभ नाकाच्या शेंड्याला लावायची धडपड. आजवरच्या सगळ्या फोटोंवर कडी. चिंगी तो पटकन डब्यात टाकणार, तर काकांनी तिचा हात धरला.

"बघू."

काका तो फोटो हातात धरून उभेच राहिले. चिंगीला वाटलं, आता फाडतात की काय.

"हा मी काढलाय," काका म्हणाले.

"तुम्ही?"

"बाबा गेले आणि माझं बोलणंच बंद झालं. जेवायचो नाही, खेळायचो नाही. आईसुद्धा तेव्हा हसायची विसरली होती, खरं सांगतो. मग एका दुपारी तिने मला इथे आणलं. बाबांचा कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला आणि स्वतः त्या पडद्यासमोर जाऊन बसली. म्हणाली, 'आजपासून घरातला फोटोग्राफर तू. काढ माझा फोटो.' मी मान हलवली, नाही म्हणून. मग तिने हे केलं." काकांनी फोटोवर बोट ठेवलं. "मला हसू आवरेना गं. बटण दाबलं आणि हात हलला. फोटो वाया घालवला म्हणून मी रडायला लागलो, तर मला कुशीत घेऊन म्हणाली, 'राहू दे रे. हा माझा सगळ्यात चांगला फोटो.' आणि मग आम्ही दोघं हसत बसलो. बाबा गेल्यावर पहिल्यांदा."

हे सांगता सांगता काकांच्या तोंडाची इस्त्री मोडली. आधी ओठ हलले, मग खांदे हलू लागले. हसत होते की रडत होते, चिंगीला कळेना. बहुतेक दोन्ही. तिने जाऊन त्यांना मिठी मारली. काकांना अशी मिठी मारायची तिची ती पहिलीच वेळ.

"मोठा करून दे," काका नाक पुसत म्हणाले. "टोपी कापली जाणार नाही, बघ हं."

दुसऱ्या दिवशी माणसं आली. कामावर येणारी बाई, शेजारीपाजारी, शाळेतले जुने मास्तर, काठी टेकत तो कचेरीतला कारकून, अगदी शिंगंवाले व्याहीसुद्धा. प्रत्येकजण दारातून चेहरा पाडून आत यायचा, दोन पावलं टाकायचा, समोर टेबलावरचा फोटो बघायचा आणि फस्सकन हसायचा. मग गडबडून तोंडावर हात ठेवायचा आणि काकांकडे चोरून बघायचा. व्याही तर फोटोला म्हणाले, "विहीणबाई, आज तरी!" आणि रुमालात तोंड लपवून बसले. एकेकाला आजीचं काही ना काही आठवायला लागलं. खोली भरून गेली.

फ्रेमवाला तेवढा कोपऱ्यात चुळबुळत होता. शेवटी न राहवून तो काकांजवळ आला आणि कानाशी लागून म्हणाला, "सर, राग मानू नका. फ्रेम मी उत्तम केलीय, पण फोटो मुळातच हललाय हो. काढणाऱ्याला हात स्थिर ठेवता आला नाही का?"

"नाही आला," काका म्हणाले. "तो हसत होता."