मनकर्णाबाईची थंड खोली

आमच्या घरांच्या ओळीतल्या बहुतेक पोरांच्या अंगाला पहिलं तेल मनकर्णाबाईनंच लावलं. माझ्या दोघांनाही. पाटावर पाय लांब करून बसायची, बाळाला पोटऱ्यांवर पालथं घ्यायची आणि ते किंचाळायला लागलं की म्हणायची, "रड बाप्पा, रड. काहून लाजतं? घर तुह्याच बापाचं हाय." बाळ तिसऱ्या दिवशी रडायचं थांबायचं. आईचं थांबायला थोडे जास्त दिवस लागायचे. तिच्याही पाठीवरून तोच हात फिरायचा.

ती राहायची वाडीला, अमरावती रोडवरच्या गोदामांच्या मागं. पुढं वामनरावांचं स्लॅबचं घर, परसात त्यांच्याच दोन टिनाच्या खोल्या. मोठीत मनकर्णाबाई भाड्यानं, लहानीत वामनरावांचं अडगळीचं सामान. नवरा गोदामात हमाल होता. तो ऐन तरुणपणात गेला, तेव्हा रोशनी मांडीवर होती. वामनरावांनी तिला खोली सोडायला लावली नाही. त्याच श्रावणात तिनं त्यांना राखी बांधली. तेव्हापासून ते भाऊ. वर्षाला एक साडी त्यांच्याकडून, आणि त्यांची दामिनी जन्मली तेव्हाची मालिश, शेक, धुरी सगळं हिच्याकडून. भावाच्या घरी पैसे कोण घेतं?

रोशनी कन्हानला दिली. गेल्या उन्हाळ्यात माहेरपणाला आली आणि दुपारी भाकरी थापता थापता त्या खोलीत चक्कर येऊन पडली. सासू घ्यायला आली होती, तिच्या डोळ्यांदेखत. त्या खोलीत कूलर होता, पण तापलेल्या टिनाखाली तो गरम वाफच फिरवायचा. दिवाळीनंतर रोशनीला दिवस गेल्याचं कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. आणि दिवस भरणार होते नेमके नवतप्यात, मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत. विहिणीनं फोनवर सरळ सांगितलं, "इहीनबाई, रिवाज मले बी ठाऊक हाय. पण त्या भट्टीत मी दोन जिवाची पोरगी नाई पाठवत."

मनकर्णाबाई माझ्याकडे येऊन बसली. चहा समोर निवत होता.

"लोकाईचे एवढे लेकरं माह्या हाताखालून गेले ताई. अन् माह्याच पोरीचं लेकरू कोनी दुसरी चोळन?"

त्याच आठवड्यात वाडीच्या मंदिरासमोर एका संस्थेची सभा झाली. टिनाच्या घरांना उन्हापासून वाचवायचं काम ते करत. छताला वरून ऊन परतवणारा पांढरा रंग, आणि आतून पत्र्याखाली चंदेरी पाठीचा फोम लावून त्याखाली सीलिंग. वरच्या गरम हवेला बाहेर पडायला भिंतीत जाळी. अर्धा खर्च संस्थेचा, अर्धा घरच्यांचा. मी मनकर्णाबाईला घेऊन तिथल्या श्वेताला भेटले. पोरगी चांगली होती. तिनं खोली पाहिली, पत्र्याला हात लावला आणि म्हणाली, "काकू, नक्की होईल. पण घर तुमचं नाही. मालकाची परवानगी लागेल. आणि मी म्हणते, त्यांच्याकडून लिहून घ्या की काम झाल्यावर तीन वर्षं तुम्हाला काढणार नाहीत. आम्ही जबरदस्ती करत नाही, पण बरेच जण घेतात."

मनकर्णाबाई हसायलाच लागली.

"भावाकून लिहून घेऊ? मंग राखी कायले बांधतो मी, धागा जास्तीचा झाला म्हून?"

"अगं, घे की," मी म्हटलं. "कागदानं नातं काय कमी होतं?"

"तुमच्यात नसन होत ताई. माह्या भावाच्या तोंडावर मी थो कागद नाई ठेवू शकत."

वामनरावांनी परवानगी हसत हसत दिली. "माही बहीन माह्याच खोलीत सुखानं राहीन, याच्यात इचारायचं काय?" वर श्वेताला सरबतही पाजलं. आपल्या अर्ध्या खर्चाची सोय मनकर्णाबाईनं भिशीतून केली. खरं तर त्या महिन्यात पाळी भिशीतल्याच पुष्पलताची होती. तिला मुलाच्या मोटरसायकलसाठी पैसे हवे होते. पण ती म्हणाली, "गाडी पुढच्या महिन्यात बी येते वं. लेकरू थांबत नसते. घे तू."

फेब्रुवारीत काम झालं. मी पाहायला गेले. दुपारची वेळ, बाहेर ऊन चढू लागलेलं, आणि ती मला हाताला धरून खोलीच्या मधोमध उभी करत होती. "डोक्शावर पाहा. तापून राहिलं का? सांगा ना, तापून राहिलं का?" नव्हतं तापत. तिनं भिंतीला फिकट पिवळा चुना दिला होता, बाजेला नवी नवार विणली होती, बाजेखाली शेकाच्या शेगडीची जागा आखून ठेवली होती. मार्चच्या शेवटी तिनं विहिणीला मुद्दाम भर दुपारी जेवायला बोलावलं. वरण-भात, वड्याची भाजी, आणि जेवल्यावर आग्रहानं निजवलं. विहीण चांगली घोरली. उठल्यावर पदर सावरत म्हणाली, "ठीक हाय. सातवा सराच्या आत चोळी करतो, अन् मंग न्या."

चोळीचं डोहाळजेवण झालं. आणायचा दिवस ठरला.

त्याच्या दोन दिवस आधी मनकर्णाबाई एका बाळंतिणीकडून तेलाच्या हातानंच घरी आली, तर खोलीच्या दाराशी दामिनीची सुटकेस. बाजेवर दामिनी, तिलाही आठवा. आणि मनकर्णाबाईची पेटी, भांडी, शेगडी, देवाचा पाट, सगळं शेजारच्या लहान खोलीत, टिनाखाली मांडलेलं. नीट मांडलेलं, हे ती मला सांगताना दोनदा म्हणाली. फेकलं नव्हतं काही.

"भाऊ, हे काय होय?"

"आली का बाई? बस. दामिनी बाळंतपणाले आली. समोरचा स्लॅब रातभर आग ओकते, तुले ठाऊकच हाय. म्हटलं, घरात एवढी मस्त थंडी खोली असताना पोरीले तिथं काहून भाजू? उन्हाळ्यापुरतंच."

"परवा रोशनी येऊन राहिली."

"तिच्या सासूकडं कूलर हाय ना. पक्कं घर हाय. अन् दामिनी का परकी हाय तुले? तुह्याच हातची पोरगी." मग आवाज खाली आणून, अगदी मायेनं, "तू तर समजदार हाय, बाई."

दामिनी मान खाली घालून बसली होती. तिच्या सुजलेल्या पायांकडे मनकर्णाबाईचं लक्ष गेलं. पोटातल्या पोराला उठ कसं म्हणायचं? ती लहान खोलीत गेली आणि कन्हानला फोन लावला.

मी श्वेताला बोलावलं. ती बिचारी वामनरावांशी तासभर बोलली. ते पुन्हा सरबत देत होते. बाहेर येऊन ती एवढंच म्हणाली, "कागद असता तर, काकू..."

मी भडकलेच. पोलिसात जा, ओळीत बोभाटा कर, माझ्याकडे आण रोशनीला, काय काय बोलले. मनकर्णाबाईनं मला थांबवलं.

"तुमच्या घरचं बाळंतपण माहेरचं होईन का ताई? विहीण काय म्हनंन? अन् कागद, कागद करता तुम्ही. कागद नाई म्हून गेली का खोली? परका घरमालक असता तर मी दार अडवून बसली असती. भाऊ म्हटला न, तिथंच हात आखडला."

नवतपा तिनं टिनाखाली काढला. दुपारी मंदिराच्या ओसरीवर, रात्री अंगणात. रोशनीला कन्हानला मुलगा झाला. तिथली मालिशवाली विहिणीनं आधीच ठरवली होती. मनकर्णाबाई बारशाच्या आधी जाऊन आली आणि मला म्हणाली, "हात बरा हाय तिचा. मानेजवळ जरा घाई करते." मग पदरानं उगाच गुडघा पुसत राहिली.

दामिनीला मुलगी झाली, रोशनीच्या आधी आठवडाभर. ती दवाखान्यातून घरी आली तोवर रोशनीही बाळंत झाली होती; वामनरावांनी मनकर्णाबाईला निरोप धाडला. मी त्या दिवशी डिंकाचे लाडू घेऊन गेले होते. खरं सांगायचं तर ती खोली पाहायला. फिकट पिवळी भिंत तीच. नव्या नवारीच्या बाजेवर दामिनी. मनकर्णाबाई शांतपणे आली, पाट ओढला, पाय लांब केले, बाळ पालथं घेतलं. हात नेहमीचाच, हलका. पोर किंचाळलं. मी वाट पाहत होते. घर तुझ्याच बापाचं आहे, हे ती त्या पोरीला म्हणाली नाही.

न्हाऊमाखू घालून बाळ दामिनीच्या कुशीत दिलं, धुरी फिरवली. दामिनी हळूच म्हणाली, "आत्या, माह्यावर राग धरू नको वं." मनकर्णाबाईनं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले फक्त.

वामनराव दारात उभे होते, हातात साडी. चांगली होती, काठाची.

"घे बाई. भावाकून."

मनकर्णाबाईनं तेलाचे हात पुसले. साडीकडं पाहिलं नाही.

"बाळ-बाळंतीण मिळून रोजचे तीनशे घेतो मी. महिन्याचा सौदा. पुऱ्या ओळीत हेच भाव हाय. तुम्हाले बी हेच पडन, घरमालक."

"घरमालक?" वामनराव हसायला गेले, हसू अर्ध्यात राहिलं. माझ्याकडं बघितलं, जसं काही मी मध्ये पडावं. "अवं मनकर्णे, काय बोलून राहिली? मी तुहा..."

"आजचे आजच द्या," ती म्हणाली. "नातू पाहाले मले कन्हानची गाडी धरायची हाय."

त्यांनी खिशातून नोटा काढल्या. तिनं त्या कमरेला खोचल्या, चपला घातल्या आणि निघाली. दाराबाहेर पाऊल टाकताच उन्हानं तिचे डोळे मिटले. क्षणभर ती उंबऱ्याजवळ थबकली. आतली थंड हवा पाठीला लागत असणार. मग पदर डोक्यावरून घेऊन गोदामांच्या बाजूनं चालू लागली.

साडी वामनरावांच्या हातातच होती. आतून दामिनी म्हणाली, "बाबा, दार लावा ना. गरम हवा येऊन राहिली."