बाजाराच्या दिवशी दार उघडायला लावणारे सर

अन्वर सरांची आणि माझी पहिली भेट पांढरकवड्यात, त्यांच्या धाकट्या भावाच्या ट्रकच्या गॅरेजवर झाली. नोकरीसाठी सरांच्या अर्थशास्त्र संशोधन केंद्राची पाटी शोधत मी हायवेवर पार पुढे जाऊन परत आले होते. केंद्र गॅरेजच्या माडीवर होते आणि पाटी टायरांच्या ढिगाआड गेली होती. निवृत्त प्राध्यापक असे बसतात हे पाहून मी मनातल्या मनात नाक मुरडले. सरांनी माझी गुणपत्रिका उघडलीही नाही. "बेटा, तू ढाणकीची ना? तुमच्या बाजारात कोन येत नाही?" असे त्यांनी विचारले. मी कोण कोण येते ते सांगू लागले, तसे सर हसले. "येनाऱ्यायले सारेच मोजतात. आपल्याले न येनारे शोधाचे हायेत." दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले, ती आजतागायत.

सरांच्या अमृतमहोत्सवानिमित्त त्यांच्या विद्वत्तेवर इतर मंडळी लिहितीलच. मी त्यांचे एकच काम सांगणार आहे.

तालुक्यात मोहफूल, डिंक, चारोळी घेणारे शासकीय खरेदी केंद्र होते. भाव व्यापाऱ्यांपेक्षा बरा. तरीही पोडांवरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवरच्या, बाया तिकडे फिरकत नसत, आठवडी बाजारात मिळेल त्या भावाने फुले विकून मोकळ्या होत. "जागृतीचा अभाव" असे निदान सरकारी कचेरीत आधीच होऊन शिबिरेही ठरली होती. आमच्याकडे अभ्यास आला तो त्या निदानावर शिक्का मारून घेण्यासाठीच, असे माझे स्पष्ट मत आहे. सर मात्र पोडापोडांवर हिंडले. पोडावरून गाडी निघते ती फक्त बाजाराच्या दिवशी, आणि खरेदी केंद्राची साप्ताहिक सुट्टी नेमकी त्याच दिवशी, हे सगळीकडे ऐकू आले.

अहवाल ज्यांच्याविषयी आहे त्यांना वाचून दाखवल्याशिवाय तो सरकारकडे पाठवायचा नाही, हा सरांचा शिरस्ता. त्याप्रमाणे एका पोडावर बसून त्यांनी मसुदा वाचला. "बायांना व्यापाऱ्यांची सवय झाली आहे" या वाक्याशी तिथल्या भीमाबाईंनी त्यांना थांबवले. "सवय कायची, सर? दार बंद असन त जाव कुठी?" सरांनी ते वाक्य तिथेच खोडले आणि पुढे वाचू लागले.

जिल्ह्याच्या बैठकीत खरेदी खात्याच्या साहेबांनी अहवालाची स्तुती केली. फक्त सुट्टीचा मुद्दा गाळा आणि जागृतीचा वर घ्या, म्हणजे पुढच्या वर्षीचे कामही तुम्हालाच देऊ, असे ते म्हणाले. तेव्हा आमच्या हाती दुसरे काम नव्हते. "बाया पाहाटे अंधारात उठून फुलं वेचतात, साहेब. जागृती कमी नाही त्यायची," एवढेच सर बोलले. बाहेर आल्यावर आमच्या एका विश्वस्तांनी त्यांना गाठले. "सर, एका ओळीपायी आपलं केंद्र कायले बंद पाडता?" सर म्हणाले, "हे ओळ काढली त केंद्र चालू ठेवून काय करू?"

फाल्गुन तोंडावर आला होता. मोहफूल एकदा गळून संपले की बायांचा वर्षाचा हंगाम गेला. सर दर आठवड्याला एसटीने यवतमाळला जात आणि साहेबांच्या दारापाशी बाकावर बसून राहत. माझे डोके तापले होते, हे सगळे पेपरात देऊ म्हणून मी हटून बसले. "पेपरात आलं का साहेब हट्टाले पेटते," सर म्हणाले. "आपल्याले साहेब हरवाचा नाही, दार उघडाचं हाये."

झाडाखाली पहिली फुले पडू लागली आणि आदेश निघाला: खरेदी बाजाराच्या दिवशी सुरू, सुट्टी दुसऱ्या वारी. त्यात आमच्या केंद्राचे नाव औषधालाही नव्हते. पुढचा अभ्यास मोठ्या शहरातल्या संस्थेला गेला. मी चरफडत होते आणि सर भीमाबाईंना फोनवर विचारत होते, केंद्रावर वजनकाटा लागला का, रांगेत सावली आहे का. धोरण म्हणजे काय, हे मला त्या फोनवर समजले.

या खंबीर माणसाची माया वेगळीच. माझी मुलगी तान्ही असताना सरांनी माडीवर झोळी बांधून दिली आणि ती झोपली की खाली ठोकाठोक बंद, असा गॅरेजला हुकूमच सोडला. गंमत अशी की पोरीला त्या आवाजाची इतकी सवय, की हातोडे थांबले की ती जागी होई. शेवटी सरांनीच खाली जाऊन मिस्त्र्यांना विनवले, "ठोका रे बाबाहो, ठोका." सरांच्या पत्नी नसीमचाची हे अजून सांगतात आणि सर मान खाली घालून चहा पितात.

सरांच्या पंच्याहत्तरीला शाल-श्रीफळ देऊन आता विश्रांती घ्या म्हणणारे पुष्कळ भेटतील. मी तसे म्हणणार नाही. सर, तुम्हाला उदंड आयुष्य, शांत झोप आणि मजबूत गुडघे लाभोत, हे मी आमच्या सगळ्यांच्या वतीने आणि थोड्या स्वार्थानेही मागते. तो आदेश एकाच तालुक्यापुरता निघाला आहे. शेजारच्या तालुक्यात बाजाराच्या दिवशी अजून कुलूप असते, आणि येत्या बाजाराला आपल्याला तिथे जायचे आहे.