विनियाना बाईंची बदली

विनियाना बाई आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि नात्याने माझी वहिनी. मी त्यांच्याच हाताखाली तिसरी-चौथीला शिकवते, त्यामुळे घरी-दारी मी त्यांना बाईच म्हणते. त्यांचा नवरा नेमानी माझा चुलतभाऊ. तरुणपणी तो व्यापाऱ्यांसाठी खोल बुड्या मारून तळावरच्या समुद्रकाकड्या, म्हणजे काकडीसारखे मऊ प्राणी, काढायचा. एकदा खोलातून घाईने वर आला आणि कायमचा अर्धा झाला. चार पावलं चढण चढला की छाती भात्यासारखी चालायची. जीभ मात्र शाबूत होती. गावातल्या प्रत्येकाला त्याने एकेक टोपणनाव ठेवलं होतं.

साथीच्या काळात बाईंनी गावावर जो पहारा ठेवला, तो या माणसासाठी. बोटीतून कुणीही उतरो, बाई धक्क्यावर हजर. आधी शाळेच्या मागच्या रिकाम्या वर्गात राहायचं, मगच घरी. पाद्रीबाबा राजधानीहून, सुव्हाहून आले तर त्यांनाही कोंडलं. ते बाहेर पडल्यावरच्या पहिल्याच रविवारी त्यांनी गर्विष्ठ बायकांवर तासभर प्रवचन दिलं, आणि बाई पहिल्या रांगेत बसून शांतपणे ऐकत होत्या. लोक म्हणायचे, बाईंना रोगाची भीती नाही, रोगालाच बाईंची भीती आहे. दोन वर्षं आमच्या बेटावर रोग आला नाही, हे म्हणणाऱ्यांनीही विसरू नये.

पण असं किती दिवस चालणार? बेटावर डॉक्टर नाही. दवाखाना म्हणजे एक खोली, एक नर्स आणि बहुतेक वेळा रिकामं कपाट. म्हणून बाईंना सुव्हात बदली हवी होती, मोठ्या दवाखान्याजवळच्या कुठल्याही शाळेत. अर्ज त्यांनी केव्हाच केला होता. अर्ज खात्याकडे जातो हे खरं, पण तो तिथे किती वर्षं झोपणार हे मुख्याध्यापक संघाचे अध्यक्ष ठरवतात. आणि अध्यक्षांकडे काही मागायचं तर त्याला रीत आहे. यांगोना नावाच्या झुडपाची मुळं त्यांच्यापुढे ठेवायची. ती कुटून पाण्यात कालवली जातात, करवंटीचा प्याला अध्यक्षांपासून सुरू होऊन सगळ्यांकडे फिरतो, आणि आपण प्यायल्यावरच आपलं मागणं मांडायचं. कोरड्या तोंडाने मागितलं तर आमच्याकडे त्याला विनंती म्हणत नाहीत, उद्धटपणा म्हणतात.

सीमा उघडल्या आणि संघाने लगेच विमानतळाच्या शहरात, नाडीला, एका हॉटेलात वार्षिक सभा बोलावली. सगळ्या बेटांवरचे मुख्याध्यापक प्रत्यक्ष हजर हवेत, फोनवरून चालणार नाही. सभेचा विषय होता, महामारीत शाळांची सुरक्षितता. हसायचं असेल तर इथेच हसून घ्या, पुढे जमणार नाही.

नेमानी म्हणाला, जाऊ नकोस. बाई म्हणाल्या, तुझ्यासाठीच जातेय. मग त्याने काचेच्या तुकड्याने एक करवंटी घासून गुळगुळीत केली आणि त्यांच्या पिशवीत घातली. म्हणाला, "प्यायचं तर यातून पी. आणि त्या म्हाताऱ्यांच्या जवळ बसू नकोस, ते बोलताना शिंपडतात."

तिथलं सगळं मला बाईंनी नंतर सांगितलं. दारावर लशीची कार्डं तपासली, ती दाखवली की रोग जणू बाहेरच थांबणार. आत एसी, म्हणून खिडक्या बंद. आधी प्रार्थना, मग भजन, आणि आमची माणसं भजनाला बसली की छप्पर उडेल असं गातात. मास्क हनुवटीवर. मग कुणीतरी पडद्यावर चित्रं दाखवून दोन मुलांत किती अंतर ठेवायचं ते समजावलं. ऐकणारे सगळे मांडीला मांडी लावून बसले होते. बाई दाराशी बसल्या आणि जेवणाचं ताट घेऊन बाहेर झाडाखाली गेल्या. लोक कुजबुजले, बेटावरची आहे, बुजते.

दुपारी हॉटेलच्या मागे चटया अंथरल्या. अध्यक्ष साकिउसा मास्तर मधोमध बसले होते आणि खोकत होते. बाईंनी मुळं पुढे ठेवली, रीतसर चार शब्द बोलल्या, आणि आपली पाळी आली तेव्हा पिशवीतली करवंटी काढली.

मास्तरांनी ती बघितली. "वा, बाई! आमची तोंडं इतकी घाण?"

सगळे हसले. बाई म्हणाल्या, घरी आजारी माणूस आहे, रागावू नका.

"रागावत नाही हो," मास्तर म्हणाले. "पण बदली हवी ती सगळ्यांच्या हातून, आणि प्याला मात्र वेगळा? हे बरं आहे."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बाईंनी करवंटी पिशवीत ठेवली, मास्क काढला, रीतीप्रमाणे एक टाळी वाजवली आणि सगळ्यांच्या प्याल्यातून प्यायल्या. मग बदलीचं बोलल्या. मास्तरांनी सगळ्यांदेखत शब्द दिला.

सभेच्या शेवटच्या दिवशी मास्तर समारोपाला आले नाहीत. सांगण्यात आलं, मासे बाधले.

बाई परत आल्या आणि सरळ मागच्या वर्गात जाऊन राहिल्या. सगळ्यांना लावलेला नियम त्यांनी स्वतःला सोडला नाही. नेमानी कुंपणाबाहेर बसून ओरडायचा, "वर्गात कोंडून घातलंय! काय चोरलंस गं?" त्या आतून हसायच्या. ना ताप, ना खोकला. तरी आठवडाभर तिथेच राहायचं त्यांनी ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी त्या टेकडीवर गेल्या, कारण फोन फक्त तिथेच लागतो, आणि संघाच्या सचिवांना सरळ विचारलं, सभेतलं कुणी आजारी आहे का? माझ्या घरी अर्ध्या छातीचा माणूस आहे, खरं सांगा.

सचिव म्हणाले, "कुणी नाही हो. सगळे ठणठणीत. मास्तरांचं पोट बिघडलं होतं, तेही बरे झाले."

खरं तर तेव्हा सभेतले निम्मे लोक अंथरुणाला खिळले होते, हे आम्हाला मागाहून कळलं. पण पाहुण्यांना बोलावून सभा भरवलेली, वर्तमानपत्रात फोटो आलेले. संघाचं नाव जाईल म्हणून तोंडं शिवली होती. बाईंनी विश्वास ठेवला. मुख्याध्यापक मुख्याध्यापकाशी खोटं बोलेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. शाळेच्या भिंतीवर आम्हीच रंगवतो ना, खरे बोला. त्या संध्याकाळी त्या घरी आल्या. मी नारळाच्या दुधात मासे केले होते. आम्ही सगळे एकत्र जेवलो आणि नेमानीने दोनदा वाढून घेतलं.

त्याच आठवड्यात त्याला ताप चढला. नर्सने बघितलं आणि म्हणाली, मोठ्या दवाखान्यात न्या. समुद्र खवळलेला, बोट छोटी, वर ताडपत्री. बाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. पलीकडचा किनारा दिसायच्या आधीच तो गेला. बोट तिथूनच वळवून घरी आणली.

गावात बऱ्याच जणांना झालं, बाकी सगळे वाचले. बाईंना कुणी एक शब्द बोललं नाही. पाद्रीबाबा म्हणाले, ही देवाची इच्छा. मी चर्चमध्येच उभी राहून म्हटलं, देवाने नाडीला सभा बोलावली नव्हती. माझ्या नवऱ्याने हाताला धरून मला खाली बसवलं. अजून मला त्याचा राग आहे.

संघाने बोटीबरोबर, आमच्याकडे मयताच्या घरी देतात तशी, एक चटई पाठवली. माणूस कुणी आला नाही.

पुढे काही दिवसांनी साकिउसा मास्तरांचा निरोप आला, फोन करा. मी बाईंबरोबर टेकडीवर गेले. मास्तर आधी नेमानीबद्दल चांगलं बोलले. मग म्हणाले, काम झालं बाई, दवाखान्याच्या अगदी समोरची शाळा, फक्त रस्ता ओलांडायचा. सोमवारी रुजू व्हा, नाहीतर जागा जाईल.

बाईंनी विचारलं, "मास्तर, त्या दिवशी तुम्हाला मासे बाधले होते का?"

 मग मास्तर म्हणाले, "एका खोकल्यासाठी सगळी सभा मोडायची होती का?"

"ती जागा अशा कुणाला तरी द्या," बाई म्हणाल्या, "ज्याच्या घरात खोकणारं माणूस अजून आहे."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि टेकडी उतरायला लागल्या. सोमवारी त्या नेहमीसारख्या शाळेत आल्या, प्रार्थना घेतली, मुलांची नखं तपासली.

ती जागा मास्तरांच्या पुतण्याच्या बायकोला मिळाली. तिच्या घरी सगळे धडधाकट आहेत.