चौथ्या मजल्यावरचं बाळंतपण

वाशीमच्या स्टँडवर त्या सकाळी आमच्या पायाशी नऊ पिशव्या होत्या आणि त्यांतली एकही माझी नव्हती. माझी बायको संध्या पोहरादेवीजवळच्या तिच्या माहेरी पहिलं बाळंतपण उरकून निघाली होती. दीड महिन्याची मुक्ता तिच्या मांडीवर होती. मी दोघींना न्यायला पुण्याहून आलो होतो आणि आई आम्हाला पोचवायला आमच्या गावाहून, केनवडहून आली होती. येताना तिने आमच्या मळ्यातला लसूण, वाळवलेली मेथी आणि बाळंतशेपा आणल्या होत्या, म्हणजे नवातल्या चार पिशव्या तिच्याच. गाडी लागेपर्यंत ती फक्त संध्याशी बोलत होती. शेवटी माझी पाळी आली.

"गजा, लेकराची मान सांभाळजो. अन् संध्याले भूक लागली का नाई, थे इचारत जाजो. तुले तुयाच पोटाचं ध्यान रायते."

तोवर मी चार वर्षं पुण्यात नोकरी करत होतो, पण खोलीला कुलूप लावून दर सणाला गावी पळत होतो. त्याला गाव सोडणं म्हणता येत नाही. ते लांबच्या शेतावर कामाला जाणं झालं. गाव खरं सुटलं ते त्या दिवशी. एस.टी. हलली, आई खिडकीबरोबर चार पावलं चालली आणि थांबली. मी हात हलवायचं सोडून पिशव्या मोजत होतो. सातच भरल्या. उरलेल्या दोन सीटखाली आहेत हे मला आमच्याच जिल्ह्यातलं मालेगाव आल्यावर कळलं. माझा निरोपसमारंभ हा असा झाला.

गावात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या निघून आलेल्या माझ्या माणसांनो, आता आजोबा झालो आहे, तेव्हा कबूल करून टाकतो. मुक्ताच्या बाळंतपणात माझा वाटा शून्य होता. मी बारशाला पोचलो तो बिस्किटांचे पुडे आणि उसना कॅमेरा घेऊन. सासूबाईंच्या घरात संध्या जेवायला बसली, की तिच्याभोवती तीन-चार बायका बसलेल्या असायच्या. एक भाकर मोडून द्यायची, एक बाळाला घ्यायची, बाकीच्या कुणाच्या तरी सुनेवर बोलायच्या. मला वाटायचं, काय ही गर्दी, बिचारीला सुखाने घास तरी गिळू द्या. मी तसं बोललोही. सासूबाईंनी मला अंगणात खाट टाकून दिली.

गेल्या वर्षी मुक्ताने गोड बातमी दिली. तिला आणि आमच्या जावयाला, निखिलला, सगळं फोनवरच्या अॅपवरून कळायचं. या आठवड्यात बाळ केवढं झालं, ते अॅप फळांमध्ये सांगायचं. मी दर रविवारी केनवडला व्हिडिओ कॉल करून ते आईला कळवायचो.

"आई, आता अॅव्होकॅडोएवढं झालंय."

"थे काय रायते?"

"पेरूसारखं असतं."

"मंग पेरू म्हन नं! उगा लेकराले परदेशी कायले करून राह्यला?"

अॅप फोलेट म्हणायचं, आई पालक म्हणायची. अॅप आयर्न म्हणायचं, आई लोखंडी तवा आणि खारीक म्हणायची. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि आईचा पालकही पास केला. भांडण झालं ते फक्त आईच्या मेथीचं आणि मुक्ताच्या स्मूदीचं. शेवटी मुक्ताने स्मूदीत मेथी घालून बघितली. त्या प्रयोगाबद्दल आमच्या घरात बोलत नाहीत.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. पण आता माहेर म्हणजे चिंचवडमधला आमचा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. संध्याने सहा महिने आधीपासून याद्या केल्या. पण बाळाच्या आधी दहा दिवस ती बाथरूममध्ये घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. स्वयंपाकाला राहिलो मी. माझी तोवरची मजल चहा, खिचडी आणि सल्ला एवढीच होती.

नात झाली. वजन अडीच किलोला थोडं कमी. आईने रिसोडहून येणाऱ्या ट्रॅव्हल्सने खोकं पाठवलं. त्यात डिंक, खारीक, खोबरं, हळीव, सुंठ आणि एका डब्यात गोडंबी. आपल्याकडच्यांना सांगायला नको, पण पुण्यात मला हे रोज समजावावं लागतं: गोडंबी म्हणजे बिब्याच्या आतला गर. चव बदामाची आणि काजूची, दोघांच्या मधली. बिब्याचं काळं तेल मात्र जहाल असतं. अंगाला लागलं की फोड येतात, सूज येते, त्याला आपण बिबा उतणं म्हणतो. आपल्याकडे बाया हाताला राख लावून तो फोडतात, तरी त्यांची बोटं काळीच राहतात. म्हणून आईने गोडंबी सोललेलीच पाठवली होती. वेगळ्या पुडीत मूठभर अख्खे बिबे होते. त्यांतले पाच नातीची दृष्ट काढायला, आणि बाकीचे "शेजारी कोनाले लागले तं". शेजारी आमच्या एक चार्टर्ड अकाउंटंट राहतात.

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी बाळाला तोललं आणि म्हणाल्या, पहिल्या दिवसांत वजन उतरतं, पण एव्हाना चढायला लागायला हवं होतं. सोमवारी पुन्हा या. दुधाला बसवायची पद्धत हॉस्पिटलच्या सिस्टरकडून शिकून घ्या. आणि आईने नीट जेवायला हवं.

मुक्ता नीट जेवत नव्हती, हीच तर गोष्ट होती. मी ताट वाढायचो, तिच्या खोलीत ठेवायचो, आराम मिळावा म्हणून दार ओढून घ्यायचो. तासाने ताट तसंच परत यायचं. बाळ रडलं की तीही रडायची. तिच्या सासूबाई बाणेरला राहतात. बाई भली आहे. त्यांनी बाळंतिणीचं करणारी अनुभवी बाई ठरवली होती. म्हणाल्या, तुमच्याकडे पाय असा, बाबांची किती धावपळ, आम्ही घेऊन जातो.

शुक्रवारी मुक्ता म्हणाली, "बाबा, सोमवारी वजन वाढलं नाही तर मी बाणेरला जाते."

मी म्हटलं, "चालेल की."

काही चालणार नव्हतं. पंचवीस वर्षांपूर्वी गाव सोडून मी इथे जे काही उभं केलं, ते पोटच्या पोरीला सव्वा महिनासुद्धा सांभाळू शकत नाही, असा त्याचा अर्थ झाला असता. बाहेरच्या खोलीत संध्या प्लास्टरवर हात ठेवून बसली होती. तिला तो अर्थ माझ्या आधी कळला होता.

म्हणून त्याच दुपारी मी लाडवांना हात घातला. पहिल्या घाण्यात डिंक जाळला, आणि त्यात घातलेली आईची सगळी गोडंबीही. घरात धूर झाला, वॉचमन वर येऊन गेला. गोडंबीशिवाय लाडू म्हणजे आमच्याकडे लाडूच नव्हेत. आणि पुडीत तर बिबे होते! आमच्या गल्लीत बाया बिबे फोडायच्या ते मी लहानपणी रोज बघायचो. बघितलं म्हणजे येतं, अशी माझी आयुष्यभराची समजूत आहे. बाल्कनीत बसलो, हातोडी घेतली. राख चौथ्या मजल्यावर कुठून आणणार? मी हाताला बाळाची पावडर लावली. सगळे बिबे फोडून चमचाभर गोडंबी निघाली. मध्येच चष्मा वर सारला, नाक खाजवलं, घाम पुसला. रात्री बारा लाडू वळून झाकून ठेवले आणि समाधानाने झोपलो.

सकाळी उजवा डोळा उघडेना. ओठ भज्यासारखे फुगले होते, बोटांवर फोड. संध्याने एकदाच बघितलं.

"अहो! बिबा उतला तुम्हाले!" पंचवीस वर्षं पुण्यात काढलेली माझी बायको घाबरली की थेट पोहरादेवीच्या वाटेला लागते.

आईला व्हिडिओ कॉल केला. ती मळ्यात मेथी खुडत होती, सोबत चार बाया.

"कोन होय हे?" आई म्हणाली.

"मी आहे, आई. गजा."

"माय वं! इकडे या वं बायांनो, पहा, माह्या पोरानं बिबे फोडले!" फोन हातोहात फिरला. अर्ध्या केनवडने माझं तोंड बघितलं. एक जण म्हणाली, "पुन्यात जाऊन लई हुशार झाला, मामी!" मग आईचा आवाज बदलला. "गजा, थे लाडू पोरीनं खाल्ले का?"

मी तसाच, फोन हातात घेऊन मुक्ताच्या खोलीत धावलो. एक लाडू ताटात होता, रात्री झोपण्याआधी मीच ठेवलेला. तिने त्याला हातसुद्धा लावला नव्हता. तिच्या ज्या न जेवण्यावर दहा दिवस चिडलो होतो, त्या न जेवण्याचे मी तेव्हा मनातल्या मनात पाय धरले.

"एकूनएक फेक," आई म्हणाली. "अन् लेकराले हात लावू नको. दवाखान्यात जाय पयले."

मुक्ताने माझ्याकडे बघितलं आणि हसत सुटली. टाके दुखतात म्हणून पोट धरून हसत होती. मग एकदम चिडली. "बाबा, तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे? बाळाला काही झालं असतं तर?"

खोटं बोलायला तोंड नीट हलत नव्हतं, म्हणून खरं बोललो. "तू चाललीस ना, म्हणून."

फोन चालूच होता. आईने तिकडून विचारलं, "गजा, मुक्ता जेवते तवा तिच्यापाशी कोन बसते?"

"कुणी नाही. दार लावून घेतो. तिला आराम..."

"कायले? बाळंतीन कोंडून ठेवली का तू? एकटीनं घास उतरते का तिच्या गळ्याखाली? कोनी तरी पुढे बसा लागते, घे वं माय म्हना लागते."

सासूबाईंच्या घरातली ती गर्दी मला तेव्हा कळली. उशीर झाला खरा, पंचवीस वर्षांचा.

दवाखान्यातून मलम आणि गोळ्या घेऊन आलो तोवर संध्या ओट्याशी खुर्चीवर बसून, प्लास्टरचा पाय स्टुलावर टाकून भाकरी थापत होती. शेपूची भाजी, मुगाचं वरण, वर तूप. मुक्ता स्वयंपाकघरातच पाटावर बसली. मी बाळापासून आणि अन्नापासून लांब, दारात. फोन पाण्याच्या फिल्टरला टेकवून ठेवलेला, त्यात आई आणि मागे मेथीचा मळा. आई कुणाच्या तरी सुनेवर बोलत होती. मुक्ताला ती सून कोण हे माहीत नव्हतं, तरी ती मध्ये मध्ये "मग?" म्हणत होती. दोन भाकरी गेल्या. तिसरी तिने मागून घेतली.

दुपारी सिस्टर येऊन गेली. बाळाला कसं धरायचं, ते तिने शांतपणे दाखवलं. रविवारी निखिल गाडी घेऊन आला, न्यायचंच या तयारीने. त्याने माझं तोंड बघितलं, सासूचा पाय बघितला आणि बॅग खाली ठेवली. संध्याकाळी आईच्या देखरेखीखाली तो हळिवाची खीर ढवळत होता. "जावईबापू, बुडाले लागू देऊ नका," असा तिकडून हुकूम येत होता. आमच्या घराण्यातला पुरुष पहिल्यांदाच बाळंतिणीच्या कामाला लागला होता आणि तो बाहेरून आणावा लागला होता.

सोमवारी बाळाचं वजन चढलं होतं. फार नाही, पण काटा वरच्या बाजूला गेला होता. डॉक्टर म्हणाल्या, पद्धत जमली, शाब्बास. आई म्हणाली, शेपू आणि हळीव. संध्या म्हणाली, भाकर. माझ्या तोंडाचं नाव कुणी घेतलं नाही, म्हणून मीच घेतो.

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर मुक्ताने तिच्या सासूबाईंना फोन लावला. "आई, वजन वाढलं. नाही, सव्वा महिना मी घरीच राहते."

घरी. मी आजवर ऑफिसात रजा मागताना "घरी चाललो" म्हटलं, की ते केनवडच असायचं. चिंचवडला मी फ्लॅट म्हणतो. हप्ते फिटले तरी फ्लॅटच. आणि ही पोरगी त्या चौथ्या मजल्याला इतक्या सहज घर म्हणून गेली, की मी गाडीत बसेपर्यंत बोललोच नाही. सुजलेल्या ओठांचा तेवढा एक फायदा.

संध्याकाळी आईला सांगितलं. मला वाटलं, तिला वाईट वाटेल.

"मंग काय म्हनन थे?" आई म्हणाली. "तिची माय तिथी, बाप तिथी. थेच घर होय तिचं."

"आणि माझं, आई?"

आई मेथीची जुडी बांधत होती. तिने गाठ आवळली आणि जुडी बाजूला ठेवली.

"मी हाये तोवर तुयं इथी. मंग तिथंच राहाजो, बापा. आता थे पोरीचं माहेर झालं. कोनी तरी दार उघडाले पायजे नं."