आत्याला बघायला सुनंदा आली

मी बेल वाजवली आणि दार लगेच उघडलं. तिथेच मला रडू फुटलं. शुक्रवार पेठेतल्या त्या घराचं दार गेल्या तीन वर्षांत लगेच असं कधी उघडलंच नव्हतं. प्रमिलाआत्या, माझ्या वडिलांची धाकटी बहीण, वॉकर धरून खुर्चीतून उठायची, पाऊल पाऊल टाकत यायची, कडी काढायची आणि वर आपल्यालाच विचारायची, "एवढी कसली घाई असते गं तुला?" बाहेरच्या माणसाची पाच-सात मिनिटं सहज जायची. त्या दिवशी दार उघडलं ते सुनंदाने. आत्याजवळ चोवीस तास राहणारी, तिला सांभाळणारी ही सुनंदा. सकाळी साडेसातला फोनही तिचाच आला होता, "ताई, या तुम्ही. आजी गेल्या... खुर्चीतच. चहा प्यायल्या, कप खाली ठेवला, आन् गेल्या." या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. अजूनही लोक भेटले की चेहरा पाडून विचारतात, "शेवटी शेवटी फार हाल झाले का हो?" मी सांगते, हाल कसले, तीन वर्षं नुसती चंगळ केली बाईने! मग ते माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात. बघू देत.

आत्याने लग्न केलं नाही. टेलिफोन खात्यात नोकरी केली आणि आवाज असा कमावला की तिने नुसतं "हॅलो" म्हटलं तरी पलीकडचा माणूस सावरून बसायचा. निवृत्तीनंतर रोज सकाळी मंडई. पाव किलो भाजीसाठी अर्धा तास हुज्जत, हा तिचा व्यायाम. त्र्याऐंशीव्या वर्षी बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी बजावलं की यापुढे एकटं राहायचं नाही. मी कोथरूडला. घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही. धाकटा भाऊ मंदार बंगळूरला. मनाने अगदी लोण्यासारखा, पण हट्टी आमच्याच घराण्यातला. ऑपरेशनसाठी आला तेव्हा म्हणाला, "ताई, संक्रांतीपर्यंत टिकणारी बाई मिळाली तर ठीक. नाहीतर मी येऊन आत्याला घेऊन जाणार." आत्या म्हणाली, "बंगळूरला मी भांडू कोणाशी? मला त्यांची भाषा येत नाही." आम्ही पोट धरून हसलो. पण मंदार गेल्यावर तिने माझा हात घट्ट धरला. "नीलू, मला इथून हलवू नका गं." उभ्या जन्मात तिने कोणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. मी म्हटलं, नाही हलवणार.

मी कामाला लागले. एका ब्यूरोत नाव नोंदवलं आणि सत्तावीस प्रश्नांची यादी टाइप केली. बीपी मोजता येतं का, रात्री जाग येते का, मोबाइल किती वेळ बघता... बाई आली की मी बाहेरच्या खोलीत तिची उलटतपासणी घ्यायची, आणि आत्या आतल्या खोलीत. चार आल्या, चार गेल्या. पहिलीच्या हातून दूध उतू गेलं तेव्हा आत्या म्हणाली, "छान. गॅसलाही कधीतरी दूध पाजावं." ती तिसऱ्या दिवशी गेली. दुसरी इतकी सेवाभावी की आत्याला चमचासुद्धा उचलू देईना. "माझा पाय मोडलाय, हात नाही," असं सांगून आत्यानेच तिला वाटेला लावलं. तिसरी दिवसभर मालिका बघायची. चौथी भाच्याच्या लग्नाला म्हणून गावी गेली, ती बहुधा अजून वरातीतच नाचते आहे! डिसेंबर संपत आला तशी माझी सहनशक्तीही संपली. मी आत्यावर खेकसले, "जरा गोड बोललीस तर काय जीभ झडेल का तुझी?"

आत्या शांतपणे म्हणाली, "घर माझं, कंबर माझी, आणि बाई निवडणार तू. मला आत झाकून ठेवतेस. ती बिचारी हो म्हणून आत येते आणि बघते तर काय, ही! ही फसवणूक आहे, नीलू. आमच्या वेळी स्थळाला निदान मुलगी दाखवायचे तरी." मी काही बोलायच्या आत तिने फर्मान काढलं. यापुढे बघण्याचा कार्यक्रम रीतसर होईल. येणारी बाई आत्याला बघायला येईल, प्रश्न ती विचारेल, आणि कांदेपोहे स्वतः आत्या देईल. मी कपाळावर हात मारून घेतला. पण तुझी यादी फाडून टाक म्हणाली, तीही फाडली.

सुनंदा आली ती पुरंदरकडच्या एका गावातून. चाळिशीची, काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू. आत्या नारायणपेठी नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून स्वयंपाकघरात तयार. वॉकर धरल्यावर हातात बशी कशी धरणार? म्हणून तिने पोहे स्टीलच्या डब्यात भरले, डबा कापडी पिशवीत घातला आणि पिशवी वॉकरच्या दांडीला अडकवली. स्वयंपाकघर ते बाहेरची खोली, पावलं असतील बारा-पंधरा. डबा वॉकरवर आपटतोय, आत्याच्या कपाळावर घाम... मी धावले. तर सुनंदा जागची न हलता म्हणाली, "ताई, बसा की. येत्यात त्या." माझं डोकंच फिरलं. सांभाळायला आलेली बाई ही, आणि म्हातारी पडत-झडत येतेय तर ही मांडी घालून बसलेली! पण आत्याकडे बघितलं आणि परत बसले. ती चक्क खुशीत होती.

"विचारा काय विचारायचं ते," खुर्चीत टेकत आत्या म्हणाली. सुनंदाने विचारलं, "आजी, शिव्या देता का?"

"नाही. पण बोलते."

"म्हंजे त्याहून वाईट." पोहे खात खात ती पुढे म्हणाली, "मला बाई म्हणायचं न्हाई, नाव हाय. सांजच्याला अर्धा तास मी लेकीशी फोनवर बोलणार, तवा हाक मारायची न्हाई. आन् तुमचं तुम्हाला जे करता येतंय, त्ये मी करणार न्हाई. मागल्या घरी समदं मीच करायची. वरसात त्या आजी हातरुणाला लागल्या. पाप लागलं मला." आत्याने मान डोलावली. सुनंदा उठली, पदर सावरला आणि दारात म्हणाली, "इचार करून कळवते."

दार लागलं आणि आत्याचा चेहरा उतरला. "कळवते म्हणाली ना? संपलं. मला या शब्दाचा अनुभव आहे." तेव्हा पहिल्यांदा तिने मला सांगितलं. ऐन विशीत सात वेळा तिला दाखवलं होतं. एकाने सुईत दोरा ओवून दाखवायला लावला, एकाच्या आईने अंगणात चालायला लावलं, एकाला तिचा आवाज पुरुषी वाटला. सातही जण जाताना "कळवतो" म्हणाले होते. "आणि मी त्यांना एक प्रश्न विचारला नाही, नीलू. एकसुद्धा. ही बघ, पोहे खाता खाता अटी घालून गेली. मला एवढी आवडली म्हणून सांगू..." दोन दिवस तिचं जेवणात लक्ष नव्हतं. मला म्हणे, पोह्यांत साखर जास्त झाली का गं? तिसऱ्या दिवशी घरचा फोन वाजला तेव्हा मी तिथेच होते. आत्याने स्वतः उचलला. ऐकत राहिली, ऐकत राहिली. मग रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे वळली. डोळे भरलेले आणि तोंडभर हसू. "नीलू, पसंत आहे म्हणाली."

मंदार संक्रांतीला आला तो विमानाची दोन परतीची तिकिटं घेऊनच. बेल वाजवून आम्ही दोघं दाराबाहेर ताटकळलो. आतून आत्याचा आवाज, "येतेय! येतेय म्हणजे येतेय!" दार उघडलं तर आत्या उभी, आणि मागे सुनंदा पाटावर आरामात तीळ निवडत बसलेली. मंदार संतापला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ही बाई आहे की पाहुणी?" मी म्हटलं, "मंदार, महिन्याभरापूर्वी आत्या कोणी धरल्याशिवाय पलंगावरून उठत नव्हती." त्याने आत्याचं तिकीट रद्द केलं. दुसऱ्या दिवशी एकटाच परत गेला.

पुढची तीन वर्षं काय सांगू! सुनंदा रोज मंडईत जायची आणि गाळ्यासमोर उभी राहून व्हिडिओ कॉल लावायची. आत्या घरी खुर्चीत, चष्मा नाकावर. "कॅमेरा डावीकडे घे. ती गवार मोडून दाखवायला सांग. जून आहे, मला इथून दिसतंय!" गाळेवाला हात जोडून म्हणायचा, "आजी, हाड मोडलं तरी आमची सुटका नाही का हो?" सुनंदाने आत्याला बाजरीची भाकरी थापायला शिकवली, आत्याने सुनंदाला इंग्रजीतून फोनवर बोलायला. औषधांच्या दुकानात सुनंदा "होल्ड ऑन प्लीज" म्हणाली तेव्हा काउंटरवरचा पोरगा उभाच राहिला म्हणे. दोघींची भांडणं इतकी कडाडून व्हायची की खालच्या मजल्यावरच्या काकू काळजीने वर यायच्या. आल्या की दोघी मिळून काकूंनाच झापायच्या. आत्याला मी आयुष्यभर ओळखत होते, पण इतकी हसताना कधी बघितली नव्हती. हे माझ्याच्याने झालं नसतं, हेही कबूल करते. मी तिला जपलं असतं, चमच्याने भरवलं असतं, आणि तिचा पार पाचोळा करून टाकला असता.

ती गेल्यावर मंदार फोनवर हमसाहमशी रडला. "ताई, बरं झालं गं मी तिला नेलं नाही," एवढंच म्हणत राहिला.

महिनाभर गावी राहून सुनंदा पुन्हा काम शोधायला लागली. परवा दुपारी तिचा फोन आला, आवाज अगदी दबका. सहकारनगरला एका घरी आली होती, गॅलरीतून बोलत होती. तिथे मुलगा-सून बाहेर बसून तिला प्रश्न विचारत होते. हातात कागद होता म्हणे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते आजोबा आतल्या खोलीत. बायको गेल्यापासून कोणाशी बोलत नाहीत, बाहेर येत नाहीत. सुनंदाने सगळी उत्तरं दिली आणि मग मुलाला म्हणाली, "तुमचं इचारून झालं? आता आजोबांना भायेर बोलवा. मी त्यांना बघायला आलेय. आन् त्यांना काय इचारायचंय त्ये त्यांनी इचारायचं, मला काय इचारायचंय त्ये मी." मुलगा म्हणाला, अहो, ते नाही येणार. तरी सून आत जाऊन सांगून आली.

"मग? आले का?" मी विचारलं.

"थांबा की ताई," सुनंदा कुजबुजली. "आजोबा आत सदरा बदलायला गेल्यात."