पोस्टातली कारकून

सत्तरच्या दशकात सोलापुरात मी विडी कामगार बायकांचा दुपारचा साक्षरता वर्ग घेत असे. वैरागहून लग्न होऊन आलेली एक बाई रोज दारापाशी बसायची. पाटीवर ‘ग’ उलटा काढायची आणि काही विचारलं की तोंडावर पदर घेऊन म्हणायची, “मला न्हाय जमायचं, बाई.”

एकदा मी वर्गात पोस्टाचं नाटक लावलं. तिला कारकून केलं, शेजारणीला गिऱ्हाईक. पोस्टातून आणलेला छापील फॉर्म तिच्या हाती दिला. ती ताठ बसली, कपाळाला आठी घातली आणि त्यावरच्या सगळ्या सूचना कारकुनासारख्या वैतागून घडाघडा वाचत सुटली. बायका हसल्या, मग एकमेकींकडे बघू लागल्या.

वर्ग सुटल्यावर ती मागं थांबली.

“सातवी झालीय माझी. मालकांना अक्षर येत न्हाय, म्हणून लग्नात वडलांनी लपवलं. अकरा वर्सं झाली.”

“मग इथं कशाला येता?”

“हितं शिकले म्हणून सांगता येईल की. मग घरात उघड वाचता येईल.”

मग तिनं हळूच विचारलं, “अडाणी बाईला वाचायला यायला किती म्हयने लागतात, बाई?”